हे कवितेत कुठे आहे?

शनिवारी रात्री साडेअकराला न्यू जर्सीहून माझ्या भाचीचा फोन आला. तिच्याकडे दुपार होती. "मावशी, निबंध परत आला," एवढंच म्हणून तिने पानाचा फोटो पाठवला. अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या 'द रोड नॉट टेकन' या कवितेवर तिने दोन पानं लिहिली होती. भाषा स्वच्छ, स्पेलिंगची एकही चूक नाही, शेवटी वेगळी वाट धरणाऱ्या माणसांबद्दल एक मनापासून लिहिलेला परिच्छेद. शिक्षिकेने पहिल्याच परिच्छेदातल्या एका वाक्याखाली रेघ ओढली होती आणि समासात लिहिलं होतं, 'हे कवितेत कुठे आहे?'

वाक्य होतं: कवी कमी लोकांनी तुडवलेली वाट निवडतो, म्हणून त्याचं आयुष्य इतरांपेक्षा वेगळं घडतं.

"अगं, पण त्या कवितेचा अर्थ तोच आहे ना? सगळ्या जगाला माहीत आहे!" मागून माझी बहीण म्हणाली. तिचा वैताग मला समजला. तिच्या पिढीने ही कविता पाठ केली ती याच अर्थाने. सीबीएसईच्या नववीच्या इंग्रजी पुस्तकात ती कितीतरी वर्षं होती. भिंतीवरच्या पोस्टरवर, निरोप समारंभाच्या भाषणात, करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात ती याच अर्थाने येते. आपल्या बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेचं 'अप्रिसिएशन', म्हणजे रसग्रहण, विचारतात, तिथेही मुलं कवी, विषय, दोन अलंकार आणि एक संदेश असा साचा घोटून जातात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. हा साचा मीही वर्षानुवर्षं शिकवला आहे, कारण त्याला मार्क मिळतात. पण अमेरिकेत शिकणारी आपली मुलं, इथे इंग्रजी साहित्य घेऊन बीए करणारी मुलं, परदेशी विद्यापीठासाठी तयारी करणारी मुलं, सगळी एकाच जागी अडखळतात. त्यांना कविता 'काय सांगते' हे विचारलेलं नसतं. कविता ते कसं घडवते, हे विचारलेलं असतं. हा फरक एकदा हाताला लागला की पुढचं सोपं आहे. तो फरक आपण त्या समासातल्या प्रश्नाला धरूनच पाहू.

आधी पंचनामा

अवकाळी पावसाने पीक झोपलं की तलाठी शेतावर येतो. नुकसानभरपाई किती द्यायची हे तो बांधावर उभा राहून ठरवत नाही. आधी पंचनामा करतो: गट नंबर, किती गुंठे, कोणतं पीक, किती आडवं झालं, किती उभं आहे. जे डोळ्यांना दिसतं ते लिहायचं. कवितेचंही तसंच करायचं. अर्थ नंतर, आधी पंचनामा.

फ्रॉस्टच्या कवितेत २० ओळी आहेत, पाच-पाच ओळींची चार कडवी. पहिल्या कडव्यात पिवळं पडलेलं रान आहे, म्हणजे पानगळीचे दिवस. दोन वाटा फुटतात. एकाच माणसाला दोन्हींवरून जाता येत नाही याचं त्याला वाईट वाटतं. तो बराच वेळ उभा राहतो, एक वाट झुडपांत वळते तिथवर नजरेने बघतो.

दुसऱ्या कडव्यात तो दुसरी वाट धरतो. इथे शब्द मोजून घ्यायला हवेत. ही वाट 'तितकीच चांगली' आहे. तिचा हक्क 'कदाचित' जरा जास्त, कारण तिच्यावर गवत आहे आणि ती 'वाँटेड वेअर'. आपली मुलं इथे फसतात. 'वाँट' म्हणजे हवं असणं हा अर्थ त्यांना ठाऊक असतो, पण इथे तो शब्द 'उणीव असणं' या जुन्या अर्थाने आला आहे. वाट पुरेशी वापरलेली नव्हती, एवढंच. आणि हे म्हणून झाल्या झाल्या तो ते मागे घेतो. तसं पाहिलं तर, तो म्हणतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दोन्ही वाटा 'खरं तर जवळपास सारख्याच' झिजवल्या होत्या.

तिसरं कडवं पुन्हा तेच बजावतं. त्या सकाळी दोन्ही वाटा 'सारख्याच' पानांखाली होत्या आणि एकाही पावलाने ती पानं काळी पडली नव्हती. पहिली वाट आपण पुढे कधीतरी चालू म्हणून त्याने राखून ठेवली, पण एका वाटेला दुसरी वाट फुटत जाते हे माहीत असल्याने परत येणं होईल असं त्याला वाटलं नाही.

मग कमी तुडवलेली वाट आली कुठून? ती येते चौथ्या कडव्यात, आणि क्रियापदाचा काळ बघा: भविष्यकाळ. 'हे मी सांगत असेन', एक सुस्कारा टाकून, कुठेतरी, युगं लोटल्यावर. काय सांगत असेन? की रानात दोन वाटा फुटल्या, आणि मी, मी कमी वर्दळीची वाट धरली, आणि सगळा फरक त्यानेच पडला.

पंचनामा इथे संपतो. वाटेवर उभं असताना दोन्ही वाटा सारख्या होत्या. वेगळेपण येतं ते पुढे कधीतरी सांगायच्या गोष्टीत. भाचीच्या शिक्षिकेने रेघ ओढली ती याचसाठी.

अशी माणसं आपल्या घरातही असतात. माझे एक काका नोकरीसाठी पुण्याला गेले, कारण तिथे राहायला एका मित्राच्या खोलीत जागा मिळाली. मुंबईत मिळाली असती तर मुंबईला गेले असते. चाळीस वर्षांनी लग्नाच्या पंगतीत ते सांगतात, "मी तेव्हाच ओळखलं होतं, आपलं भवितव्य पुण्यात." काका खोटं बोलत नाहीत. जगून झालेल्या आयुष्याला मागाहून कारण जोडल्याशिवाय माणसाला राहवत नाही, आणि फ्रॉस्टने नेमकं तेच पकडलं आहे.

दावा कशाला म्हणायचं

इंग्रजी निबंधात 'थीसिस' हा शब्द सारखा येतो. अर्थ साधा आहे: तुम्ही कवितेबद्दल करत असलेला दावा, ज्याला समंजस वाचक 'मला नाही पटत' असं म्हणू शकतो आणि जो तुम्ही कवितेतल्या शब्दांवर उभा करू शकता. दोन्ही अटी हव्यात. 'ही कविता निवडीबद्दल आहे' याला कुणी नाही म्हणणार नाही, म्हणून तो दावा नाही, तो विषय झाला. 'फ्रॉस्ट हा थोर कवी होता' हाही दावा नव्हे, आणि ते सिद्ध करायला या २० ओळी पुऱ्याही पडणार नाहीत. 'या कवितेतला माणूस वाटेबद्दल बोलतोय असं वाटतं, पण त्याचं खरं लक्ष आपण पुढे काय सांगू याकडे आहे' हा दावा आहे. यावर भांडता येतं.

दाव्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे ओळ. मुलं ओळ उचलून देतात आणि पुढे निघून जातात. वकिलाने साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं केलं आणि एकही प्रश्न न विचारता खाली बसवलं, तसं होतं ते. ओळ दिल्यावर तिला प्रश्न विचारा. 'अँड आय' म्हणून ओळ संपते, मधे एक लांब रेघ, आणि पुढची ओळ पुन्हा 'आय'नेच सुरू होते. 'आणि मी... मी'. हा माणूस इथे का थबकला? आठवत नाही म्हणून? ऐकणाऱ्यावर परिणाम व्हावा म्हणून? की खोटं सांगताना जीभ अडखळली? या तिन्हींपैकी एक निवडून तुम्ही चार वाक्यं लिहिलीत, तर तो परिच्छेद कुठल्याही संदेशापेक्षा मोलाचा आहे.

कवितेतल्या 'मी'ला इंग्रजीत 'स्पीकर' म्हणतात, आपण निवेदक म्हणू. तो कवी असेलच असं नाही. 'फ्रॉस्टला वाटतं' असं न लिहिता 'निवेदकाला वाटतं' असं लिहायचं, आणि तेही वर्तमानकाळात, कारण कविता जेव्हा वाचाल तेव्हा नव्याने घडते. हा शिष्टाचार वाटतो, पण त्यामागे गंभीर कारण आहे, त्याकडे वळते.

यमक कशासाठी मोजायचं

फ्रॉस्टचीच दुसरी कविता, 'स्टॉपिंग बाय वुड्स ऑन अ स्नोई ईव्हनिंग'. बर्फ पडतंय, वर्षातली सर्वांत काळोखी संध्याकाळ, घोडागाडीतला एकटा माणूस कुणाच्यातरी रानाशी थांबतो. घोडा घुंगरं हलवून विचारतो, काही चुकलंय का? वाचताना वाटतं, हा कवी त्या संध्याकाळी तिथे उभा असणार. प्रत्यक्षात फ्रॉस्टने ही कविता १९२२ च्या जून महिन्यात, व्हरमाँटमधल्या घरी, रात्रभर एका लांब कवितेवर काम करून झाल्यावर सकाळी लिहिली. बाहेर उन्हाळा होता. निवेदक आणि कवी वेगळे ठेवायचे ते यासाठी. कविता म्हणजे डायरी नव्हे.

आता यमक. मुलं 'राइम स्कीम: ए ए बी ए' असं लिहून पुढचा मुद्दा घेतात. त्यातून काही कळत नाही. पण नीट बघा. पहिल्या कडव्यात पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळींचं यमक जुळतं, तिसरी ओळ सुटी राहते. त्या सुट्या ओळीचा आवाज उचलून दुसरं कडवं सुरू होतं. दुसऱ्यातली सुटी ओळ तिसऱ्याला सुरुवात देते. हे अगदी अंताक्षरीसारखं चालतं: तू जिथे सोडलंस तिथून मी उचलतो. कविता अशी पुढे पुढे ओढली जाते.

मग शेवटच्या कडव्यात काय करायचं? तिथे सुटी ओळ ठेवली तर साखळी संपणारच नाही. फ्रॉस्ट चारही ओळींना एकच यमक देतो आणि शेवटची ओळ जशीच्या तशी दोनदा म्हणतो: झोपण्याआधी अजून कितीतरी मैल जायचं आहे. पहिल्यांदा ती रस्त्याबद्दल वाटते. दुसऱ्यांदा तेच शब्द जड होतात, 'झोप' हा शब्द काळोखतो. निघायचं आहे म्हणणारा माणूस त्याच आवाजात अडकून बसला आहे, रानाने त्याला अजून सोडलेलं नाही. हे यमकामुळे कळतं. यमक मोजायचं ते एवढ्यासाठी.

आपल्याकडे या ओळींना वेगळाच इतिहास आहे. पंडित नेहरूंनी आयुष्याच्या शेवटच्या काळात या कडव्याच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहून जवळ ठेवल्या होत्या. त्यामुळे भारतात ही कविता कर्तव्याची कविता म्हणून वाचली जाते: थांबायचं नाही, वचनं पाळायची आहेत. हा अर्थ कवितेत आहेच. पण रान 'सुंदर, काळोखं आणि खोल' आहे हेही त्याच कडव्यात आहे, आणि चांगला निबंध या दोन ओढींपैकी एकीला दारात उभं ठेवून दुसरीला आत घेत नाही.

अलंकार ओळखला, पुढे काय?

आपल्या शाळांत 'अलंकार ओळखा' हा प्रश्न असतो. चेतनगुणोक्ती लिहिलं की मार्क पडतात. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनच्या 'बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ' या कवितेवर मुलं हमखास तेच लिहितात: मृत्यूला माणूस कल्पिलं आहे, म्हणून चेतनगुणोक्ती. बरोबर आहे. पण वैद्याने नुसतं 'ताप आहे' म्हणून चालतं का? कशाचा ताप, ते सांगावं लागतं.

मृत्यू इथे कसल्या माणसासारखा आहे? तो सभ्य गृहस्थ आहे. बाईंना कामातून थांबायला सवड नव्हती म्हणून तोच 'मेहरबानीने' त्यांच्यासाठी थांबला. गाडीत दोघं, सोबतीला अमरता. गाडी निवांत चालते. सुट्टीत खेळणारी शाळेतली मुलं मागे पडतात, धान्याची शेतं मागे पडतात, मावळता सूर्य मागे पडतो. आणि मग निवेदिका स्वतःचं वाक्य दुरुस्त करते: किंवा असं म्हणू, सूर्यच आम्हाला ओलांडून गेला. त्या एका दुरुस्तीत सगळं उलटतं. आतापर्यंत ती जगाला मागे टाकत होती, आता जग तिला मागे टाकून जातंय. लगेच थंडी वाजते, अंगावरचे कपडे तलम आहेत. फिरायला निघालेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं. पुढचं 'घर' म्हणजे जमिनीला आलेला एक फुगवटा आहे.

आता एक गंमत नव्हे, इशारा. १८९० साली डिकिन्सनच्या कविता पहिल्यांदा पुस्तकात छापल्या गेल्या तेव्हा ती हयात नव्हती. १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टला ती वारली. तिने जवळपास १८०० कविता लिहिल्या आणि जिवंतपणी त्यांतल्या दहा-एकच, तेही नावाशिवाय, छापून आल्या. बाकीच्यांपैकी कितीतरी तिने स्वतः शिवलेल्या छोट्या वह्यांत बहिणीला सापडल्या. पहिल्या संपादकांनी विरामचिन्हं सुधारली, कवितांना नावं दिली, आणि या कवितेतलं ते दुरुस्तीचं, थंडीचं कडवं गाळून टाकलं. तिच्या लांब रेघांसकट कविता मूळ रूपात वाचकांना मिळायला १९५५ साल उजाडावं लागलं. जुन्या पाठावरून निबंध लिहिलात तर ज्या कडव्यावर कविता वळते तेच तुमच्यासमोर नसेल. म्हणून कविता कुठून घेतली ते आधी तपासा. इंटरनेटवर दोन्ही पाठ फिरतात.

तिचा छंदही कानाला लावून बघा. आठ अक्षरावयव (सिलेबल), मग सहा, मग आठ, मग सहा: ही चर्चमधल्या भजनांची चाल आहे. आपल्याकडे कुणी अभंगाच्या छंदात एखादी शंका मांडली तर कसं वाटेल? छंद श्रद्धेचा, आणि बाई विचारतेय की गाडी नक्की कुठे चालली आहे. तो ताण निबंधात आणता आला तर छंदाचं नाव लिहिलं नाही तरी चालेल.

कवीला खरंच हे म्हणायचं होतं का?

हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो, आणि विचारणारं मूल बहुतेकदा हुशार असतं. "मॅडम, एवढं सगळं त्याच्या डोक्यात होतं?"

'द रोड नॉट टेकन'ची जन्मकथा इथे उपयोगी पडते. फ्रॉस्ट १९१२ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला गेला. तिथे एडवर्ड थॉमस हा समीक्षक त्याचा जिवलग मित्र झाला. दोघं ग्लॉस्टरशायरच्या रानावनांत फिरायचे, आणि फिरून आल्यावर थॉमस हळहळायचा की दुसऱ्या वाटेने गेलो असतो तर अधिक चांगलं काही दाखवता आलं असतं. अमेरिकेला परतल्यावर १९१५ मध्ये फ्रॉस्टने त्याला ही कविता पाठवली, मित्राची प्रेमळ थट्टा म्हणून. थॉमस इंग्रजी कवितेचा उत्तम जाणकार, शिवाय थट्टा त्याचीच. तरी त्याला ती उमगली नाही. फ्रॉस्टला पत्रातून सांगावं लागलं की तो सुस्कारा खोटा होता, गमतीखातर टाकलेला.

म्हणजे कवीचा हेतू काय होता ते आपल्याला ठाऊक आहे. तरी मी मुलांना सांगते, पत्र शेवटी वाचा. कारण जाणकार मित्रालासुद्धा जे फक्त कवितेतून कळलं नाही, ते कवितेत किती आहे हा प्रश्न उरतोच. हेतू हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

तारखांचंही भान ठेवायला हवं. थॉमस जुलै १९१५ मध्ये सैन्यात भरती झाला, कविता ऑगस्टमध्ये मासिकात आली, आणि ९ एप्रिल १९१७ ला फ्रान्समध्ये अरासच्या लढाईत तो मारला गेला. ही कविता थॉमसच्या युद्धावर जाण्याबद्दल आहे असं निबंधात ठोकून देणारी मुलं मी पाहिली आहेत. कविता आधीची आहे. आपण आज ती वाचताना थॉमस आठवणार, डोळे भरून येणार, आणि त्यात चूक काही नाही. पण आपल्या मनात आलेली गोष्ट आणि कवितेत असलेली गोष्ट यांत भेद करायलाच तर हा निबंध लिहायचा आहे.

मग प्रत्येकाने हवा तो अर्थ काढावा का?

नाही. अनेक अर्थ संभवतात म्हणजे सगळे अर्थ संभवतात असं होत नाही. गुळाची पोळी तिळाची होईल, शेंगदाण्याची होईल, पण गूळच नसेल तर ती गुळाची पोळी म्हणवणार नाही. 'दोन्ही वाटा सारख्या होत्या' या ओळींना जागा न देणारा अर्थ टिकत नाही, कितीही प्रेरणादायी असला तरी.

वर्गात मी एक प्रयोग करते. फ्रॉस्टच्या 'साय' (sigh) या शब्दाचं मराठी करायला सांगते. फळ्यावर तीन शब्द येतात: सुस्कारा, उसासा, निःश्वास. मग भांडण सुरू होतं. उसासा म्हटलं की दुःख आलं, दुसरी वाट हुकल्याचं. निःश्वास म्हटलं की आपण 'सुटकेचा' हा शब्द न सांगता पुढे जोडतो. सुस्कारा दोन्हींकडे जातो. इंग्रजीत तो एकच शब्द राहतो आणि फ्रॉस्ट त्याला विशेषण देत नाही. मराठीत आणताना आपल्याला निवड करावी लागते, आणि ती निवड म्हणजेच अर्थनिर्णय. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हा आत्यांसारखा सुस्कारा आहे. पाहुणे आले की टाकतात तो." तिने फ्रॉस्टचं पत्र वाचलेलं नव्हतं. 'हे सांगत असेन' या शब्दांवरून, म्हणजे समोर कुणीतरी ऐकणारं आहे यावरून, ती तिथे पोचली होती. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की तास संपल्याची घंटा मी ऐकलीच नाही.

अमेरिकेचा इतिहास माहीत नसेल तर

काही कवितांना एक बातमी माहीत असावी लागते. वॉल्ट व्हिटमनची 'ओ कॅप्टन! माय कॅप्टन!' त्यांपैकी. ९ एप्रिल १८६५ ला बंडखोर दक्षिणी राज्यांचा सेनापती ली शरण आला, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यातच जमा होतं. पाचच दिवसांनी अध्यक्ष लिंकनवर गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. कवितेत जहाज वादळातून बंदराला लागतंय, घंटा वाजतायत, लोक फुलं घेऊन उभे आहेत, आणि कप्तान, म्हणजे लिंकन, डेकवर मरून पडला आहे.

एवढं कळलं की पुन्हा कवितेकडे या. प्रत्येक कडव्यात आधी लांब ओळी आहेत, त्यांत गर्दी आणि जल्लोष. मग ओळी एकदम आखूड होतात, उजवीकडे सरकतात, आणि तिथे एक माणूस एकटा रडतोय. पानाकडे नुसतं दुरून बघितलं तरी बंदर आणि डेक वेगळे दिसतात. इतिहासाने दार उघडलं, आत ओळींनीच नेलं. निबंधात इतिहासाला दोन-तीन वाक्यं पुरेत. मुलं दोन पानं लिंकनवर लिहितात, आणि वाचणाऱ्याच्या मनात समासातला तोच प्रश्न उठतो.

चिरफाडीने कविता मरत नाही का?

ही भीती मला खरी वाटते, कारण वाईट शिकवण्याने कविता मरतात. पण जवळून बघितल्याने त्या मरत नाहीत. विल्यम कार्लोस विल्यम्स हा न्यू जर्सीतल्या रदरफर्ड गावचा डॉक्टर. १९२३ साली त्याने १६ शब्दांची एक कविता छापली: लाल एकचाकी हातगाडी, पावसाच्या पाण्याने चकाकणारी, शेजारी पांढऱ्या कोंबड्या, आणि सुरुवातीला एवढंच की 'कितीतरी अवलंबून आहे' हिच्यावर. पहिल्यांदा वाचून मुलं हसतात. ही कविता?

मग मी त्यांना शब्द कुठे तुटतात ते दाखवते. 'व्हीलबॅरो' हा एकच शब्द, पण 'व्हील' एका ओळीत आणि 'बॅरो' खालच्या ओळीत. पावसाचं पाणी तसंच, 'रेन' वर, 'वॉटर' खाली. आपल्याकडे कुणी 'हात' एका ओळीत आणि 'गाडी' दुसऱ्या ओळीत लिहिलं, तर क्षणभर हात दिसेल, मग गाडी, मग दोन्ही मिळून. रोज दिसणारी, म्हणून न दिसणारी वस्तू त्याने सुटी करून पुन्हा जोडली. चारही कडव्यांत वर तीन शब्द आणि खाली एक, वजन वर आणि खाली एकच आधार. हे दाखवल्यावर वर्ग शांत होतो. कुणीतरी हळूच ती पुन्हा वाचतं. मेलेली कविता कुणी पुन्हा वाचत नाही.

चॅटबॉटकडून लिहून घेतलं तर?

पालक आता हेच विचारतात. कवितेचं नाव टाकलं की अर्ध्या मिनिटात नीटनेटका निबंध येतो, हे खरं आहे. शिक्षकांना ते ओळखू येतं की नाही या वादात मी शिरत नाही. माझं म्हणणं इतकंच की सुस्काऱ्याला आत्याचा सुस्कारा म्हणणं हे त्या मुलीच्या घरातून, तिच्या कानातून आलं. ती मेहनत दुसऱ्याला करायला दिली की मार्क कदाचित हाती येतील, पण कविता येणार नाही. आणि यंत्राकडून मजकूर घेतलाच तर त्यातल्या प्रत्येक वाक्यालाही तोच समासातला प्रश्न विचारा. ओळ चुकीची दिलेली असते, कडवं भलतंच असतं, असं मी स्वतः तपासताना पाहिलं आहे.

भाचीने निबंध पुन्हा लिहिला. आधी कवितेची छापील प्रत घेऊन पेन्सिलीने 'कदाचित', 'खरं तर', 'जवळपास', 'सारख्याच' या शब्दांना गोल केले. मग दावा लिहिला: निवेदकाची वाट साधीच आहे, तिला वेगळं करतं ते त्याचं पुढचं सांगणं. जुना शेवटचा परिच्छेद, वेगळी वाट धरणाऱ्या माणसांचा, तिला फार आवडता होता. त्याच्या शेजारी तिने स्वतःच लिहिलं, 'हे कवितेत कुठे आहे?' आणि तो खोडला.

परवा पुन्हा फोन आला. "मावशी, एक विचारू? सगळे म्हणतात ही कमी वर्दळीच्या वाटेची कविता. मग हिचं नाव त्याने न घेतलेल्या वाटेवरून का ठेवलंय?"

मी तिला म्हटलं, हा प्रश्न पहिल्या परिच्छेदात घे.